फेरफार

पिंपळगावच्या प्रयोगशाळेत
शेवंताबाई निरगुडे पिशवीतून
द्राक्षाचं पान काढतात.
"बुरशीच ना?"

मी काचपट्टी सरकवते.
पानाच्या खालच्या अंगाला पांढरी लव.
भुरी ही खरी बुरशी. ही डावणी मात्र
शेवाळाच्या भावकीतली,
बहुधा हिरवेपण टाकून आलेली.

"मग फेरफार झाला म्हणा."

झाला. माझ्या शाळेत पाच सृष्टी होत्या.
पुढे त्यांच्यावर तीन अधिक्षेत्रं आली,
आणि बुरशी, जी कधीकाळी
झाडांच्या रकान्यात होती,
उठून आपल्या शेजारी, प्राण्यांजवळ, येऊन बसली.

त्या पान उलटंपालटं करतात.
"म्हणजे वेलीपेक्षा भुरी माझी जवळची?"
जवळची. चुलत चुलत चुलत.

बराच वेळ काही बोलत नाहीत.
मग पिशवीची गाठ मारत:
"बरं, लिटरला गंधक किती?"