ऐंशीवरून खाली

नळीत पाच मिली पाणी, पहिल्या बाटलीचे दहा थेंब.
दुसरी बाटली आधी अर्धा मिनिट हलवायची,
नाहीतर तळाशी बसलेलं वर येत नाही.
मग पाच मिनिटं थांबायचं.
फहाहीलमध्ये, चौथ्या मजल्यावर, रात्री पावणेबाराला
मी घड्याळ लावून थांबतो.
खिडकीत अहमदीकडची ज्योत.
नळीतलं पिवळं नारिंगी होतं
आणि नारिंगीवरही थांबत नाही.
तक्त्याशेजारी धरतो : ऐंशी.
पुन्हा करतो. ऐंशीच.

पाणी मात्र इतकं नितळ
की मासे हवेत टांगल्यासारखे.
नायट्रेट दिसत नाही, त्याला वास नाही.
फक्त जांभळं प्रवाळ महिनाभर मिटून आहे,
आणि काचेवर तपकिरी साय धरते,
पुसली की दोन दिवसांत पुन्हा.

मी शुऐबाच्या प्लान्टवर पाळीला असतो.
आम्ही समुद्र उकळतो, मीठ मागे ठेवतो,
गोडं पाणी शहराला पाठवतो.
आणि घरी येऊन त्याच पाण्याच्या बादलीत
मी मोजून मीठ घालतो, लिटरला पस्तीस ग्रॅम,
डब्यातलं, परदेशातून आलेलं.
समुद्र इथून दोन गल्ल्यांवर.
बाबांचा जन्म शिरोड्याच्या मिठागरात गेला.
फोनवर हे ऐकून ते इतके हसले
की ठसका लागला, आणि आईने फोन काढून घेतला.

शुक्रवार बाजारातला मुर्तझा, मूळचा बुशहरचा,
नळीचा फोटो बघून एवढंच म्हणाला,
"दिन में कितना बार खाना?"
दोनदा, म्हटलं.
तो बघत राहिला.
चारदा. कधी पाच.

टाकी ईशानीची.
जूनमध्ये ती आणि नीलांबरी कुडाळला गेल्या,
दहावी तिकडेच बरी म्हणून.
जाताना वहीत लिहून गेली :
एकदा, संध्याकाळी, चिमूटभर.
चिमूटभरच्या खाली दोन रेघा.
तिच्या चिमटीत मावतं ते माझ्या बोटांना कळत नाही.
आणि मी सोफ्यावरून नुसता उठलो
तरी दोघे विदूषक मासे काचेपाशी येऊन तोंडं हलवतात;
या घरात दुसरं कोण काय मागतं माझ्याकडे?

"भूखा नहीं वो," मुर्तझा म्हणाला,
"तुम दिखता है, इसलिए आता है."

पुस्तकात उपाय होता व्होडका, रोज थोडे थेंब,
त्यावर जिवाणू पोसतात आणि नायट्रेट खातात.
कुवेतमध्ये व्होडका!
मुर्तझाने डोळे मिचकावले,
पिशवीत पांढरं व्हिनेगर टाकलं, लोणच्याला घालतात ते,
आणि मूठभर हिरवं शेवाळ, नूडल्सच्या गुंत्यासारखं;
त्याला टाकीमागे दिवा लावून ठेवायचा, रात्रभर.

शुक्रवारी कोपरापर्यंत हात घातला.
स्पंज धुतला, त्यातून चहाच्या गाळासारखं बरंच निघालं.
मोठा दगड हलवला.
त्याच्या मागे कंगव्याचा तुटका तुकडा,
असं वाटलं आधी.
तो निळा होता.
सप्टेंबरपासून मी दर रविवारी सांगत आलो होतो,
लपलाय गं, लाजतो तो.

एकदम सगळं पाणी बदलायचं नाही.
विष अंगवळणी पडलेले मासे
चांगल्या पाण्यानेही दगावतात.
आठवड्याला दोन बादल्या, बस्स.
वहीत तिच्या रेघांखाली मी आकडे लिहितो :
पासष्ट. पन्नास. पन्नास.
(त्या आठवड्यात मी पुन्हा दोनदा घातलं होतं.)
पस्तीस.

काल वीस आले. नारिंगी, पण पिवळ्याकडे झुकलेलं.
फोन केला, आणि आकड्याआधी निळ्याचं सांगितलं.
पलीकडे पंख्याचा आवाज, बराच वेळ.
मग म्हणाली, "कधी?"
म्हटलं, माहीत नाही गं.
"बरं. आणि नायट्रेट?"
वीस.
"दहापर्यंत आणा. आणि हात घालण्याआधी
नुसत्या पाण्याने धुवा, बाबा. साबण नको."