वजनकाटा वीसच्या पटीत बोलतो

रात्रपाळी. गव्हाणीत मोळ्या पडतायत धडाधड.
मी रसाची नळी उजेडात धरतो,
ब्रिक्स अठरा, पोल पंधरा पॉइंट दोन,
वहीत मांडतो.
बावीस हंगाम हेच करतोय औशापुढच्या या कारखान्यात:
उसात गोड किती, ते आकड्यात सांगायचं.
आणि शर्टाच्या खिशात ही डबी,
दाबली की टिक्क,
एक गोळी पडते.

खाजामामू माझा चहा वेगळा आणतात.
"काय करूलालाव साहेब हे?
हितं माशीबी साखर सोडून जात न्हाई,
अन् तुम्ही लॅबचे मालक."
मी हसतो. टिक्क.

डबीवरची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी.
साखरेचा दाणा तपासायचं भिंग काढलं
आणि वाचलं एका रात्री, मिल बंद पडली होती तेव्हा.
लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर,
गोळीला अंग यावं म्हणून.
पाण्यात पटकन फुटावी म्हणून अजून एक लांबलचक नाव.
आणि सुक्रालोज, चिमूटभराची चिमूट.
कॉलेजात शिकलो होतो, विसरलो होतो.
ही आपलीच साखर.
तिच्या अंगावरचे तीन गट उतरवून
तिथं क्लोरीन बसवलेलं.
जिभेला सहाशेपट गोड,
पण पोट तिला ओळखतच नाही.
बहुतेक आली तशी निघून जाते,
आहेर देऊन
न जेवता निघालेल्या पाहुण्यासारखी.

महानंदानं पुड्या आणल्या लातूरहून, दुसऱ्या जातीच्या.
ॲस्पार्टेम: प्रथिनांतले दोन तुकडे एकमेकांना जोडलेले.
बाकी पुडी भरायला डेक्स्ट्रोज,
म्हणजे फिरून साखरच.
तिनं शिऱ्यात टाकल्या चार पुड्या
आणि वाफेवर ठेवला.
तापलं की ते तुकडे सुटतात, गोडी जाते.
रविवारी सगळं घर अळणी शिरा चमच्यानं ढकलत बसलं.
सोमवारी डब्यात बघतो तर शिऱ्याला गुळाचा रंग.
मी विचारलं नाही, ती बोलली नाही.

मी हिशेबाचा माणूस.
चमच्याला वीस कॅलरी,
सहा कप, दोन-दोन चमचे,
दिवसाला दोनशे चाळीस शिल्लक.
शिल्लक पडली की हात सैल होतो:
गेटासमोर कांदाभजीची एक प्लेट,
मग कागदावरचं तेल बघत दुसरी.
चहा तर फिका घेतलाय ना.

डॉक्टर पत्तेवार बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या,
"साखर सुटत नसेल तर सुटेपर्यंत घ्या.
पण वजनाची भिस्त हिच्यावर टाकू नका.
आधी थोडं उतरतं.
वर्षा-दोन वर्षांनी बहुतेक माणसं जिथल्या तिथं.
भजी किती खाता?"
भज्यांचं मी बोललोच नव्हतो.

जानेवारीत, रांगेतल्या दोन ट्रकच्या मधल्या फटीत,
ज्योतिरामनं मला वजनकाट्यावर चढवलं.
एवढ्या मोठ्या लोखंडावर मी एकटा, थंडीत.
पाटीवर लाल आकडा: शंभर.
"घरी एक्क्याण्णव भरतो रे."
"साहेब, ह्यो काटा वीसच्या पटीत बोलतो.
खालचं त्याला दिसत न्हाई."

मार्चात पुन्हा चढलो.
घरच्या काट्यावर एकोणनव्वद होतो.
मधे तीन आठवडे मोटारसायकल गॅरेजात पडलेली,
कॉलनी ते लॅब रोज चालत,
आणि गेटावरच्या हॉटेलवाल्याची कढई बंद, मुलीचं लग्न म्हणून.
गोळी तर जानेवारीतही होती.

पाटीवर आकडा पडला: ऐंशी.
ड्रायव्हर लोकांनी हॉर्न वाजवले.
"वीस किलो, साहेब! काय खाता?"
मी डबी दाखवली नाही.
ज्योतिरामनं फाटक्या पोत्यातून मूठ भरली,
"तोंड गोड करा."

जाड दाणा, कोरडा, चांगला पांढरा.
कडकड वाजला दाताखाली.
लॅबमध्ये परत आलो, नळी धुतली,
पुढच्या तासाचा ब्रिक्स घेतला.
बोटाला चिकट लागत होतं,
ते पुसायचं राहिलं.