शनिवारचा रविवार

प्रभू, दिवा मालवायच्या आधी
आजचं सांगून टाकतो.
तुला ठाऊक असेलच. पण फिबी म्हणते,
तोंडानं कबूल केल्याशिवाय माणसाला झोप येत नाही.
ती केव्हाची घोरते आहे.

तर सकाळी भिंतीवरचा आकडा लाल होता.
लाल म्हणजे रविवार, हे माझं चाळीस वर्षांचं गणित.
नातीनं, आपल्या जेमीनं, रात्रीच
शुक्रवार-शनिवार एकदम फाडून दोन होड्या केल्या
आणि माठात सोडल्या,
हे मला दुपारी पाणी घेताना कळलं.
शुक्रवार तरंगत होता.
शनिवार तळाशी बसला होता.

मी आंघोळ केली, पांढरा सदरा घातला
(उलटा. तेही दुपारीच कळलं)
आणि देवळाकडे निघालो.
तूर फुललेली. धुक्यात कोणाची तरी बकरी खोकत होती.
कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा,
त्यावर पान्यानं नऊ ठोके,
मग जरा थांबून तीन.
हे तीन कशाचे ते तुला सांगायला नको.

रविवारी एवढ्यावर सतरा माणसं येतात,
त्यातली चार पेंगायला.
आज पाच मिनिटांत पन्नास!
मी मनात म्हटलं, संजीवन म्हणतात ते हेच.
वेचणीला निघालेल्या बाया कमरेला ओटी बांधून,
सलूनवाला कादर वस्तऱ्यासकट,
त्याच्यामागे एका गालावर फेस घेऊन पोलीस पाटील.
सगळ्यांची तोंडं मातीला आल्यासारखी.

"कोन गेलं, सालोमनकाका?"
"कोणी नाही. उपासना आहे."
"शनवारची?"

अवेळी घंटा म्हणजे कोणीतरी गेलं.
गावाला हे मीच शिकवलं,
इतक्या वर्षांत इतक्यांसाठी वाजवून.

सगळ्यांत शेवटी देवमन आला.
एका पायात त्याची चप्पल, दुसऱ्यात सुनेची.
आमचं तुला माहीत आहे.
बोरीच्या एका फांदीवरून अकरा वर्षं
मी त्याच्या दारावरून जाताना दुसरीकडे पाहतो.
तुझ्या प्रार्थनेत क्षमेची ओळ आली
की मला नेमका खोकला येतो.
तेही तू ऐकत आला असशील.

तो धापा टाकत म्हणाला,
"म्या म्हटलं, तूच खपला."
"मंग घंटा कोन वाजवून रायलं होतं?"
"एवढा इचार कोन करते बे!"
आणि तिथंच कडुनिंबाखाली बसून
डोळ्यांना शेला लावला.
रागानं की कशानं, मी विचारलं नाही.
मलाही खोकला आला. खरा.

आता आलेल्या माणसांना तसंच कसं पाठवायचं?
फिबीनं गंजभर चहा आणला, बिनदुधाचा.
कप अकरा, त्यातल्या तिघांना कान नाहीत.
तेवढ्यात जेमी देवळातल्या कपाटातून
ते छोटे पेले घेऊन आली, प्रभुभोजनाचे,
ताटासकट.
मी अडवायला हवं होतं.
पण तोवर पोलीस पाटलानं एक उचलला होता,
बायांनी उचलले होते,
आणि देवमन म्हणत होता,
"एवढुशानं काय होते, अजून दे."
मी सहा वेळा भरून दिला.
पाळकसाहेबांना हे कळू देऊ नकोस.
पेले मी राखेनं घासून, दोनदा विसळून ठेवलेत.
एक कमी भरतो. उद्या शोधतो.

शनिवार चुलीजवळ वाळवून
भाताच्या शितांनी परत चिकटवला आहे.
आकडा जरा पुसट झाला, पण वाचता येतो.
उद्या खरा रविवार.
उद्या घंटेला कोणी येईल असं वाटत नाही.
सतरातले चारसुद्धा.

आमेन.

हां, आणि अजून एक.
देवमनच्या सुनेची चप्पल इथंच राहिली.
डाव्या पायाची, अंगठा नवा शिवलेला.
जेमी म्हणते, मी नेऊन देते.
मी तिला म्हटलं,
राहू दे.
मीच जाईन.