खारट हौद

जालन्याच्या मोंढ्यामागं, पत्र्याच्या शेडात
दोन हौद: एक गोड्या पाण्याचा, एक मिठाचा.
यंत्रातून भंगाराचा चुरा पडतो, पोत्यांनी, रंगीबेरंगी.
मेहरुनचाची लांब दांड्याचा झारा फिरवते.
पहिल्या दिवशी म्हणाली होती,
"हातानं निवडत बसू नको, कौसा. पाण्याला विचार."

बाटली बुडते. झाकण वर येतं.
दुकानात, एसटीत, कुणाकुणाच्या ओठांशी
गळ्याला गळा लावून फिरलेली जोडी,
इथं पहिल्याच ढवळण्यात सुटते.
बादली तरते. मग्गा तरतो.
नळाचा पाइप दगडासारखा तळ गाठतो.
कंगवा गोड्या पाण्यात बुडतो,
तोच मिठाच्या हौदात टाकला
की वर येतो, उरलेले दात विचकत.

कधी जड तुकड्यालाही बुडबुडा चिकटतो
आणि तो मिरवतो हलक्यांमध्ये.
त्यासाठी साबणाची पूड, दोन मुठी.
उसनं हलकेपण
चाची झाऱ्याच्या एका टोल्यात उतरवते.

माझा आदिनाथ आठवीला.
शनिवारी शाळा लवकर सुटते, तो काठावर बसून घोकतो:
घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान.
"म्हंजे काय रे?"
"एवढ्याशा जागेत किती दाटलंय, ते."
चाची हिशेब करते. तिच्या खोलीत सात जणं झोपतात.
"मग माझं घर तर बुडलंच की!"
मिसरीनं काळे झालेले दात दाखवत
कितीतरी वेळ हसते.

मे महिन्यात टँकर नऊ दिवस फिरकला नाही.
खारट हौद आटत गेला,
भिंतीवर पांढरी रेघ, तिच्याखाली दुसरी, मग तिसरी.
दहाव्या सकाळी ताडपत्री ओढली,
तर टीव्हीच्या खोक्याचे काळे तुकडे,
दोन वर्षांत ज्यांनी तळ सोडला नव्हता,
सगळे वर. गपचूप.
बेडकांच्या पाठी असाव्यात तसे.

शेठ ओरडला, माल कुणी मिसळला?
चाचीनं बोट बुडवलं, जिभेला लावलं,
थुंकली.
"माल तोच हाय. पाणी बदललंय."

आदिनाथनं वहीत लिहून घेतलं.
हे पुस्तकात असतं का रे, मी विचारलं.
असतं, म्हणाला. पण चव नसते लिहिलेली.

दुपारी टँकर आला. हौदात पाइप सोडला.
ताजं पाणी वरच पसरत राहिलं, पातळ,
जुन्यात मिसळायला तयार नसल्यागत.
काळे तुकडे तिरपे झाले, खाली निघाले,
आणि मध्येच थांबले.
ना वर, ना तळाशी.
वीतभर खोल, जागच्या जागी, हलत.

शेठनं दोनदा हाक मारली.
चाचीच्या हातात झारा होता.
तिनं तो पाण्यात घातला नाही.