खिशातली घंटी

मोजणीच्या आदल्या रात्री
मी सायकलची घंटी काढून खिशात टाकली.
इथे, एनिसमध्ये, असा काही नियम नाही.
पण हात गेला, स्क्रू फिरला,
आणि मग लक्षात आलं, हा हात बाबांचा.

बाबा, फामारा दार्बो,
गाम्बिया नदीच्या उत्तर काठाला
मतदान केंद्रावर कान होते.
बाकीच्यांना हुद्दे: शाईवाला, यादीवाला, पोलीस.
बाबांचा हुद्दा कान.

पडद्याआड रंगवलेली पिंपं,
प्रत्येकावर एकेका उमेदवाराचा चेहरा.
माणूस काचेची एक गोटी घेऊन आत जायचा,
नळीतून सोडायचा,
आतली घंटी वाजायची: टण्ण.
एक माणूस, एक टण्ण.
दुसरी ऐकू आली तर बाबा खुर्चीतून उठायचे.
तळाला वाळू,
पडलेली गोटी पडलेल्या गोटीवर आपटून
भलताच आवाज नको म्हणून.
आणि त्या दिवशी केंद्राजवळ सायकलला बंदी.

तरी एकदा पाव विकणारा एक पोरगा विसरला,
भिंतीमागून टिंग करत निघून गेला.
आत म्हातारी न्यीमा साने.
बाबांनी दोन ऐकल्या.
डिसेंबरातली धूळ, दारात शंभर माणसं,
तिला मुठी उघडायला लावल्या.
दोन्ही रिकाम्या. मेंदीने काळ्या.
ती काही बोलली नाही.
पुढची चार वर्षं आमच्याकडचं मीठसुद्धा तिने मागितलं नाही.

इथे मत मुकं असतं.
बास्केटबॉलच्या रेषा आखलेल्या हॉलमध्ये
लांबच लांब टेबलं, वार्निशचा वास,
आणि कागदावर प्रत्येकाच्या मनातली उतरंड:
हा पहिला, ती दुसरी, तो चालेल, तो नाइलाजाने.
कठड्यापलीकडून डोनल हेहिर
कानावर पेन्सिल खोचून कागद उलटे वाचतो,
आमची बेरीज व्हायच्या आधी
त्याची झालेली असते.

जो निवडून आला त्याने
ताटात मावेल तेवढंच ठेवायचं,
वरचं पुढे वाढायचं.
जो तळाला, त्याचं ताटच उचलायचं.
पाचव्या फेरीत नोरीन टाल्टी पडली.
रस्त्याला दिवे हवेत, एवढंच तिचं म्हणणं होतं.
सँडविच खात ती बघत उभी राहिली,
तिची मतं दुसऱ्यांच्या गठ्ठ्यांत जात होती,
लग्नघरातली उसनी भांडी
ज्याची त्याला परत जावीत तशी.

जेवणाच्या सुट्टीत बाबांचा फोन.
उजव्या कानाने आता कमी येतं त्यांना,
म्हणून ते ओरडतात.
‘मत पडलं हे कळतं कसं?’
कळत नाही, बाबा. उमेदवार पडतो.
मत उठतं आणि दुसऱ्याकडे चालू लागतं.
‘म्हणजे न्यीमाकडे दोन असत्या तर
तुमच्यात चाललं असतं?’
नाही हो, गोटी एकच. फक्त घरंगळत राहते.
‘कुठवर?’
कुणाच्या तरी दारात थांबेपर्यंत.
नाही थांबली तर तिचा वेगळा ढीग करतो.

ते बराच वेळ गप्प.
मागे कुणीतरी चहा उंचावरून ओतत होतं.
मग म्हणाले, आमच्याकडेही कागद आणायचं
पुन्हा चाललंय म्हणे.
आणि त्याच सुरात, शेंगांना या साली भाव नाही.

नववी फेरी. रात्रीचे साडेअकरा.
गठ्ठा ओढायला मी टेबलावर वाकले
आणि टेबलाची कड खिशावर दाबली गेली.

टिंग.

अख्ख्या हॉलने मान वर केली.
रबर बँड लावणारा हात तसाच थांबला.
हेहिरची पेन्सिल खाली पडली.
मी उभी राहिले
आणि दोन्ही मुठी उघडून दाखवल्या.
कुणी मागितलं नव्हतं.