बी साइडचं शेवटचं

अजनीच्या रेल्वे क्वार्टरातून रेमंडनं आणलेली
सिल्व्हर स्पॅरोजची ती एकच कॅसेट
चौघांनी मिळून झिजवली.
रेमंड सोडला तर इंग्रजीच्या नावानं बोंब,
म्हणून गाण्यांना नावं आम्हीच ठेवली.
शिट्टीवालं. रडकं. आणि एक 'जेवला का रे',
तसंच ऐकू यायचं, बे.

चाळीस वर्षं झाली. अजून दर रविवारी
तर्री-पोह्याच्या ठेल्यावर यादी लागते
पेपरच्या तेलकट तुकड्यावर.
लांजेवार शिट्टीवाल्याला पहिला नंबर देतो,
भैसारे त्यावर काट मारतो,
"तुले सुरातलं काय समजते?"
रेमंडचं मत पर्थहून येतं, उशिरा.
एकदा तर दोन महिने अबोला होता,
सातव्या नंबरावरून.

माझं पहिलं ठरलेलं.
बी साइडचं शेवटचं,
टेप संपते म्हणून मधेच तुटणारं.
ती बाई श्वास घेते,
आणि खट्.

काल भैसाऱ्याच्या नातीनं मोबाइलवर
ते अख्खं शोधून काढलं.
लांजेवार बाकावर पुढं सरकला.
मी पैसे द्यायला उठलो,
सुट्टे मोजत राहिलो.
"बरोबर हायेत न भाऊ," ठेलेवाला म्हणाला.
मी पुन्हा मोजले.