मानशीची पावणी

चोडणला मानशीची पावणी झाली,
वर्षभराची मासळी पोहण्याआधीच विकली गेली.
येसोकाका दोन लाख दहावर थांबले.
फेलिसियांव पंधरा म्हणाला,
तेव्हा हे खिशातले शेंगदाणे सोलत बसले.

"काका, गेल्या वर्षी सुंगटं किती मिळाली!"
"ती खाल्ली गेल्या वर्षी.
यंदाच्यांना काय वाट सांगून गेली?"

त्यांची वही: बावीस वर्षं, अमास, पुनव, किलो.
सात वर्षं तोटा.
बांध फुटला त्या पानावर नुसती तारीख.
शेवटी पेन्सिलीने:
घर मोडणार नाही इतकंच.

रायबंदरच्या फेरीत मी मोबाइल उघडला.
चार दिवस पडणारा शेअर,
आता तरी चढेल म्हणून दुप्पट घेतलेला.
आता तरी.
हे कुणी शिकवलं मला?

पावसाळ्यानंतर फेलिसियांवला टोपल्या पुरेनात.
काकांना सांगितलं.
"बरं झालं," म्हणाले,
"पण आकडा माझाच बरोबर होता."

मीही शेवटी निम्मे शेअर विकले.
दुसऱ्याच दिवशी भाव उसळला.
शेंगदाणे आणलेत.
घशाखाली उतरत नाहीत अजून.